सांडलेला टाळ

ध्वनिमुद्रणाच्या परिभाषेतील ‘ट्रॅक’ या शब्दासाठी मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘पट्टी’ म्हणावे तर ती पेटीची होते, ‘मार्ग’ म्हणावे तर तो भक्तीचा होतो, आणि ‘रूळ’ म्हणावे तर देहूरोडच्या माणसाला आधी पुणे-लोणावळा लोकल आठवते. तेव्हा आम्ही ‘ट्रॅक’च म्हणू. अनेक वाद्ये एकाच वेळी वाजत असताना प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे टिपून ठेवायचा, म्हणजे पुढे प्रत्येकाचे प्रमाण हवे तसे कमीअधिक करता येते, एवढाच या शब्दामागचा व्यवहार. मात्र हा व्यवहार घरगुती साधनांनी आणि तोही वारकरी भजनाच्या बाबतीत करू गेल्यावर काही प्रश्न आमच्यासमोर उभे राहिले. ते प्रश्न ध्वनिशास्त्राचे आहेत तितकेच साहित्याच्या अभ्यासाचेही आहेत असे आम्हांला वाटते, म्हणून हा लेख.

प्रथम थोडा इतिहास. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करून गेला, तेव्हा सारा आवाज एका कर्ण्यात शिरत असे आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई तो मेणावर कोरत असे. कुणाचा आवाज किती यावा हे कुणी कर्ण्यापासून किती अंतरावर बसावे यावरून ठरे. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि अंतराची सक्ती सैल झाली. तरी गायक, पेटी, तबला यांचे परस्परप्रमाण मुद्रणाच्या क्षणी एकदा ठरले की कायमचेच ठरे. हे प्रमाण नंतर ठरवण्याची मुभा दिली ती चुंबकीय फितीने. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने १९५७मध्ये अँपेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकांचे यंत्र करवून घेतले. बीटल्सची १९६७ची गाजलेली ‘सार्जंट पेपर’ ध्वनिमुद्रिका चार ट्रॅकांच्या यंत्रांवर तयार झाली. पुढे १९७९मध्ये टिॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आणले, आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनने तसल्याच यंत्रावर घरी मुद्रित केलेल्या गाण्यांचा ‘नेब्रास्का’ हा संग्रह १९८२ साली प्रसिद्ध झाला. स्टुडिओचे सामर्थ्य घरात आले ते असे. आज आठ आवाज घेणारा एक इंटरफेस, एक लॅपटॉप आणि २०००मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ऑडॅसिटीसारखी विनामूल्य प्रणाली एवढ्या भांडवलावर काम सुरू करता येते.

परंतु या इतिहासात एक भेद दडलेला आहे. या घरगुती यंत्रांचा मुख्य उपयोग एकामागून एक मुद्रण करण्यासाठी झाला. आधी गिटार वाजवायची, मग ती ऐकत गायचे, मग ते दोन्ही ऐकत आणखी काही जोडायचे. एकटा माणूस स्वतःचाच वाद्यवृंद होतो. भजनाला ही पद्धत लागू पडत नाही. भजनी ठेका विलंबित लयीत सुरू होतो, ध्रुपद फिरू लागते तशी लय वाढते, आणि ती कधी व किती वाढावी हे आधी कुणी ठरवलेले नसते. बुवांच्या मानेची हालचाल, पखवाजीचा चढता हात आणि टाळकऱ्यांचा उत्साह यांच्या संगनमताने ते त्या क्षणी ठरते. पखवाजीच्या कानात एकसारखा टकटकणारा ठोका घालून ‘आता तुम्ही एकटेच वाजवा, अभंग पुढच्या रविवारी घेऊ’ असे म्हणणे म्हणजे संभाषणातील एका माणसाला आधी केवळ उत्तरे बोलून ठेवायला सांगण्यासारखे आहे. म्हणून भजन मुद्रित करायचे तर सर्वांना एकत्र बसवूनच करायला हवे. आणि ट्रॅक मात्र वेगळे हवेत.

आम्ही ज्या मंडळाचे मुद्रण केले ते देहूरोडचे. देहू आणि देहूरोड या दोन गावांत काही किलोमीटरांचेच अंतर आहे, पण त्यांचे स्वभाव अगदी भिन्न. देहू तुकोबांचे, इंद्रायणीकाठचे. देहूरोड रेल्वे स्थानकाचे, लष्करी छावणीचे, दारूगोळा व साहित्याच्या कोठारांचे. छावणीतल्या नोकऱ्यांमुळे येथे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतली माणसे येऊन राहिली. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि त्याच प्रसंगी केलेल्या भाषणात पंढरपूरचा विठ्ठल हा मुळात बुद्धच होय असे प्रतिपादन केले. त्या मताची चर्चा हा येथील विषय नाही. एवढेच म्हणू, की येथे एका वस्तीचा आवाज दुसऱ्या वस्तीत जातोच. आमच्या एका ट्रॅकमध्ये दोन अभंगांमधील शांततेत दूरवरच्या ध्वनिक्षेपकावरची बुद्धवंदना अस्पष्ट ऐकू येते. जुन्या महामार्गावरचे ट्रक आणि लोकलचा भोंगा तर सर्वच ट्रॅकांत आहेत.

मंडळाला तुकाराम बीजेपर्यंत, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेपर्यंत, तासाभराच्या भजनाची ध्वनिमुद्रिका हवी होती. आमच्यापैकी एकाकडे आठ वाहिन्यांचा जुना इंटरफेस होता. माइक काही आमचे, काही एका ओळखीच्या मांडववाल्याचे. जागा म्हणजे मंडळातल्याच एकाच्या घराची वरची खोली. सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज परतवतात, म्हणून त्यांवर घरातल्या साऱ्या गोधड्या टांगल्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा संभव म्हणून गुरुवार टाळला. लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच बोर्डाला जोडले, कारण दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक असला की मुद्रणात अखंड घुमणारा ‘हूं’ शिरतो. वाहिन्यांची वाटणी अशी: पेटीला एक, पखवाजाला दोन, शाईला एक आणि कणीक लावलेल्या धुमेला एक, बुवांना एक, मागे ध्रुपद धरणाऱ्यांपैकी तिघांना तीन, आणि आठवा माइक साऱ्या खोलीसाठी, कोपऱ्यात उंचावर. वीणेकऱ्यांना स्वतंत्र माइक उरला नाही. त्यांना बुवांच्या अगदी शेजारी उभे केले.

आता मुख्य अडचण टाळांची. पखवाज मोठा वाजतो, पण त्याचा आवाज मऊ पडतो; टाळाचा आवाज धारदार, आणि खोलीचा एकही कोपरा तो सोडत नाही. बुवांचा माइक बुवांसाठी असला तरी त्यात टाळ येणारच. एका आवाजासाठी ठेवलेल्या माइकमध्ये दुसरा आवाज शिरतो त्याला ध्वनिमुद्रक ‘गळती’ म्हणतात. आम्ही मात्र ‘सांडणे’ हे क्रियापद वापरू, कारण गळतीत दोष आहे आणि सांडण्यात कधीकधी नुसते भरून वाहणेही असते.

सांडणे कमी करण्याचे उपाय परिचित आहेत. माइक आवाजाच्या जितका जवळ न्यावा तितका तो आवाज इतरांच्या तुलनेत मोठा येतो. अंतर निम्मे केले की पातळी सुमारे सहा डेसिबलने वाढते. दोन माइकांमधले अंतर हे माइक आणि त्याचा गायक यांच्यातील अंतराच्या किमान तिप्पट असावे असा एक ढोबळ नियम आहे. कारण एकच आवाज दोन माइकांत थोड्या फरकाने पोचला आणि ते दोन ट्रॅक एकत्र वाजवले, तर काही कंपने परस्परांना खोडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. ध्वनीला एक मीटर कापायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात, आणि एवढा फरक यासाठी पुरतो. शिवाय साध्या गायकी माइकाला पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते. म्हणून ज्याला ऐकायचे त्याच्याकडे माइकचे तोंड करण्याइतकेच, ज्याला ऐकायचे नाही त्याच्याकडे त्याची पाठ करणे महत्त्वाचे ठरते. आम्ही टाळकऱ्यांच्या रांगेकडे सर्व माइकांच्या पाठी केल्या. ते पाहून एक टाळकरी म्हणाले, “म्हणजे आमच्यावर बहिष्कार म्हणा की!”

खरा अलगपणा हवा असेल तर माणसे वेगवेगळ्या खोल्यांत बसवावीत आणि प्रत्येकाच्या कानाला हेडफोन द्यावा, असेही आमच्यापैकी एकाने सुचवून पाहिले. पखवाज स्वयंपाकघरात, बाकीचे बाहेर. बुवांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मृदंग आत आणि अभंग बाहेर? मग मधली भिंत टाळ धरणार का?” त्यावर आणखी चर्चा झाली नाही. मंडळ नेहमीप्रमाणे समोरासमोर दोन रांगांत बसले.

आणखी एक सूचना अशी आली की, आठव्या माइकऐवजी दोनतीन मोबाइल फोन खोलीत ठेवून त्यांचे मुद्रण नंतर जोडावे. येथे घड्याळाचा प्रश्न येतो. प्रत्येक यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे मोजमाप घेते, पण ते मोजणारे स्फटिक दोन यंत्रांत तंतोतंत सारखे नसते. एकाने ४४,१०० मोजावे आणि त्याच सेकंदात दुसऱ्याने ४४,१०१ मोजावे, इतका क्षुल्लक फरक धरला, तरी तासाअखेर तो ३,६०० मोजमापांचा, म्हणजे सुमारे ८२ सहस्रांश सेकंदांचा होतो. सुरुवातीला टाळी वाजवून दोन्ही मुद्रणे जुळवून घेतली तरी शेवटच्या अभंगात एका टाळाचे दोन टाळ ऐकू येतात. म्हणून सारे ट्रॅक एकाच यंत्राच्या, एकाच घड्याळाच्या आधीन असणे बरे. आठ ट्रॅक, चोवीस बिटांचे मोजमाप, ताशी सुमारे ३.८ जीबी. सुरुवातीची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील इतकी खाली ठेवली, कारण शेवटी मंडळी रंगात आली की आवाज किती चढेल याचा भरवसा नसतो.

मुद्रण दोन बैठकींत झाले. त्याच्या तपशिलात जात नाही. ट्रॅक हाती आल्यावर जे दिसले त्याने आम्हांला एका जुन्या ग्रंथाकडे नेले, ते सांगितले पाहिजे.

तुकोबांच्या गाथेची जी आवृत्ती आज अभ्यासकांना परिचित आहे, ती विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली सिद्ध केली व ती इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते जमवण्यात आली होती. पंढरपूर वगळता ही सारी गावे आमच्या परिसरातलीच. तळेगाव आमच्या पलीकडची काही स्थानके, कडूस चाकणच्या वर खेडकडे. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते त्या संताजी जगनाड्यांची समाधी सुदुंबऱ्याला. म्हणजे एका कंठातून निघालेला शब्द आसपासच्या अनेक वह्यांत सांडला होता. प्रत्येक वहीत तो थोडा वेगळ्या अंतराने, थोड्या वेगळ्या उच्चाराने पोचला. संपादकाने ते प्रवाह समोर ठेवून एक पाठ वर घेतला आणि उरलेले तळटीपांत उतरवले. ज्याला आज मिश्रण म्हणतात ते काम आणि संहितासंपादन यांत आम्हांला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही ‘मूळ’ मिळत नाही, साक्षी मिळतात. गाथा इंद्रायणीत बुडवल्यानंतर तेरा दिवसांनी ती वर आल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती बुडूनही लोकांच्या मुखी उरली म्हणून तरली, असाही त्या कथेचा अर्थ केला जातो. सांडण्याचे मोल यापेक्षा निराळे काय असते?

हे साम्य आम्हांला सुचले ते निवांत विचारातून नव्हे. त्याला एक अडचणीचा प्रसंग कारण झाला.

ध्रुपद धरणाऱ्या तिघांपैकी एक काका मंडळातले सर्वांत जुने गायक. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. मुद्रणानंतर आठवड्याने ते आले आणि म्हणाले, “माझा एकट्याचा आवाज निघतो म्हणे यातून. ऐकवा तर.” चाळीस वर्षे समूहात गायलेल्या माणसाने स्वतःला सुटे असे कधीच ऐकलेले नव्हते. दोन अभंग त्यांनी मान खाली घालून ऐकले. मग “मी असा गातो होय?” एवढेच विचारले आणि चहा न घेता गेले. त्यानंतरच्या एकादशीला ते आले, टाळ घेतला, पण ओठ हलले नाहीत. पुढच्या एकादशीलाही तसेच.

मंडळातल्या तरुणांचा विचार व्यवहारी होता. स्वर दुरुस्त करणाऱ्या प्रणाली १९९७पासून उपलब्ध आहेत. काकांचा ट्रॅक तेवढा सुधारून घ्यावा, म्हणजे मुद्रिकाही सुरात येईल आणि काकांनाही बरे वाटेल. पण ते शक्य नव्हते. काकांचा आवाज केवळ काकांच्या ट्रॅकमध्ये नव्हता. शेजारच्या दोन गायकांच्या ट्रॅकमध्ये तो होता, पेटीच्या ट्रॅकमध्ये होता, खोलीच्या माइकात तर होताच. एका जागी सूर वर ओढला की उरलेल्या चार जागी जुना सूर साक्ष द्यायला उभा, आणि दोन्ही मिळून ऐकवेना असा बेसूर. ट्रॅक मुळातून वगळला तरीही काका पुसट का होईना ऐकू येतच राहणार. एका वहीतून ओळ खोडली तरी दुसऱ्या वहीत ती असते, तसेच हे. जो दोष टाळण्यासाठी आम्ही एवढ्या गोधड्या टांगल्या होत्या, त्यानेच एका माणसाला त्याच्या मंडळातून पुसू दिले नाही.

मात्र सुट्या ट्रॅकचा गुण येथेच कामाला आला. बुवांनी तो ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकला. कोण चुकते यापेक्षा कुठे चुकते हे ते ऐकत होते. मध्य सप्तकात काकांचा स्वर चोख होता. तार षड्जाच्या वर गेले की तो खाली राहत होता, आणि तेही प्रत्येक वेळी जवळपास सारखाच. “गळा बिघडलेला नाही,” बुवा म्हणाले, “पट्टी चढी आहे. आपण काळी दोनला गातो ते या पोरांच्या सोयीसाठी. काकांबरोबरीचे चौघे गेले, तेव्हापासून हे एकटेच वर ताणत आहेत.” समूहात हे कुणाच्या कानी आले नव्हते, कारण समूह झाकून घेतो. तो त्याचा मोठेपणाच आहे, पण झाकलेले बरे होतेच असे नाही.

त्यापुढच्या एकादशीपासून मंडळ काळी एकला गाऊ लागले. त्यासाठी दुसरा पखवाज आणावा लागला, आणि दोघा तरुणांना खालचे स्वर जड जातात अशी कुरकुर अजूनही ऐकू येते. काका त्या दिवशी पहिल्या अभंगाला गप्प होते. दुसऱ्याच्या ध्रुपदाला त्यांनी आवाज लावला. बीजेची मुद्रिका मात्र काळी दोनचीच, त्याच दोन बैठकींची गेली. तिच्यात काकांचा आवाज किती ठेवायचा हे आम्ही खोलीच्या माइकावरून ठरवले. त्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला तो जेवढा ऐकू आला असता तेवढाच.

साहित्याच्या वर्गात आपण कृतीचे घटक सुटे करतो. प्रतिमा वेगळी, लय वेगळी, निवेदन वेगळे, पाठभेद वेगळे. या सुटे करण्यावर ‘कवितेचा जीव जातो’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि काकांचे ते दोन एकादश्यांचे मौन आठवले की तो आक्षेप पोकळ वाटत नाही. पण सुटे करून ऐकल्याखेरीज पट्टी चढी आहे हेही कळले नसते. आमच्यापुरता निष्कर्ष एवढाच, की सुटा केलेला आवाज हा निकाल देण्यासाठी नसतो. तो कुठे ताणला जातो हे पाहून पुन्हा मेळात नेऊन ऐकायचा असतो. तो पूर्णपणे सुटा होतही नाही, कारण शेजाऱ्याचा टाळ त्यात सांडलेलाच असतो.

आठही ट्रॅक आम्ही मूळ स्वरूपात, कोणतीही सफाई न करता जपून ठेवले आहेत. सोबत एक कागद आहे. त्यावर कोण कुठे बसले होते, कोणता माइक कुणाकडे तोंड करून आणि कुणाकडे पाठ करून होता, पेटी कोणत्या पट्टीत होती आणि कोणत्या अभंगात लोकल गेली, हे लिहिलेले आहे. उद्या कुणाला आमचे मिश्रण पसंत पडले नाही, तर त्याला आपले निराळे करता यावे.